पाळी गेल्यानंतर हाडांसाठी व्हायब्रेशन प्लेट : विकत घेण्याआधी आणि वर चढण्याआधी

व्हायब्रेशन प्लेटच्या जाहिरातीत ‘हाडं बळकट होतात’ हे वाक्य हल्ली हमखास असतं. प्लेट काही हजारांपासून काही लाखांपर्यंत मिळते आणि दिसायला सगळ्या सारख्याच. खाली जाडजूड पाट, वर रबर, काहींना समोर धरायला दांडा. पाटावर उभं राहायचं, तो थरथरतो. पण एक प्लेट जिथे केसाएवढी हलते तिथे दुसरी बोटाच्या पेराएवढी वरखाली होते, आणि शरीरावर या दोन्हींचा परिणाम अगदी वेगळा होतो. कुठली प्लेट, किती, कशी आणि कोणी वापरूच नये, ते इथे सांगितलं आहे.

आधी आमचं मत स्पष्ट सांगतो. हाडांच्या घनतेसाठी प्लेट हा जोडधंदा समजावा. पायांची ताकद आणि तोल यासाठी ती जास्त कामाची आहे. पैसे मोजूनमापूनच खर्च करता येणार असतील तर ते डेक्सा तपासणीवर (हाडांची घनता मोजणारा खास एक्स-रे) आणि वजन उचलायला शिकवणाऱ्या चांगल्या फिजिओवर करा.

प्रयोगांत काय दिसलं

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि जुनं हाड खरवडणाऱ्या पेशी नवं हाड भरणाऱ्यांच्या पुढे पळतात. पहिल्या पाच-सात वर्षांत ही घट सगळ्यात वेगाने होते. भारतात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, म्हणजे हा काळ पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडेच येतो. हाडाच्या आतल्या पेशींना भार आणि ताण कळतो, तो आला की त्या ‘इथे भर घाला’ असा निरोप देतात. कंपनातून असा ताण सेकंदाला वीस-तीस वेळा देता येईल, ही या यंत्रामागची कल्पना.

कल्पना सुरेख आहे, पण निकाल संमिश्र आहेत. २००४ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात ७० स्त्रिया वर्षभर रोज दोनदा दहा-दहा मिनिटं अगदी मंद कंपनावर उभ्या राहिल्या. सगळ्यांचा हिशेब एकत्र केला तर फरक दिसला नाही. न चुकता उभ्या राहणाऱ्या आणि ६५ किलोच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र फायदा दिसला. त्याच वर्षी बेल्जियममध्ये जोरदार कंपनावर व्यायाम करणाऱ्या स्त्रियांची खुब्याची घनता सहा महिन्यांत ०.९३ टक्के वाढली, मणक्याची जशीच्या तशी राहिली. २००६च्या स्पेनमधल्या लहानशा प्रयोगात खुब्याच्या मानेपाशी (मांडीचं हाड जिथे खुब्यात शिरतं तिथे) प्लेटवाल्या स्त्रिया चालणाऱ्यांपेक्षा ४.३ टक्क्यांनी पुढे होत्या. त्यानंतर २०११ साली टोरांटोत २०२ स्त्रियांवर वर्षभर, रोज वीस मिनिटं, मंद कंपनाचा प्रयोग झाला. फरक पडला नाही.

याउलट वजन उचलण्याचा पुरावा जास्त भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५८ वर्षांवरच्या, हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रिया होत्या. त्यांच्यातल्या निम्म्या आठवड्यातून दोनदा, तीस-तीस मिनिटं, देखरेखीखाली खरोखर जड वजनं उचलत होत्या. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची सव्वा टक्क्याच्या आसपास घटली. शिवाजी पार्कला रोज चार फेऱ्या मारणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटतं, पण नुसत्या चालण्याने घनता फारशी वाढत नाही. चालणं हृदयासाठी, साखरेसाठी उत्तम आहे, ते सोडू नका. फक्त हाडांचं काम झालं असं समजू नका.

पहिली पायरी : डेक्सा, आणि तीही नीट

सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा औषधाच्या दुकानाबाहेर मोफत शिबिरात टाचेला जेल लावून मशीन फिरवतात ती अल्ट्रासाउंड चाचणी असते. त्यावरून निदान करत नाहीत, आणि तिच्या जोरावर औषध किंवा यंत्र तर मुळीच घेऊ नये. हवी ती डेक्सा, कमरेचे मणके (एल-१ ते एल-४) आणि खुबा अशा दोन्ही जागांची. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवा. पोटात न विरघळलेली गोळी मणक्यावर दिसली तर आकडा फुगतो. नुकताच बेरियम किंवा कॉन्ट्रास्टचा तपास झाला असेल तर तसं सांगून काही दिवस थांबा.

रिपोर्टात टी-स्कोअर असतो, म्हणजे तुमची घनता निरोगी तरुण व्यक्तीच्या तुलनेत किती कमी-जास्त आहे तो आकडा. तो उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ या पट्ट्यात हाड विरळ, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. साठीनंतर मणक्यांना झीज होऊन हाडाचे काटे वाढलेले असतात, त्यामुळे मणक्याचा आकडा उगाच चांगला येतो. अशा वेळी खुब्याच्या आकड्याकडे बघा.

आणखी एक फुकटची तपासणी. अनवाणी, टाचा भिंतीला लावून उंची मोजा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त कमी भरली, किंवा वर्षभरात २ सेंटिमीटर कमी झाली, तर कण्याचा एक्स-रे काढल्याशिवाय प्लेटवर चढायचं नाही. मणका दबून मोडलेला असू शकतो, आणि असं मोडणं पुष्कळदा दुखतही नाही.

कोणी चढूच नये

अलीकडे हाड मोडलेलं, मणका दबलेला, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली किंवा असल्याची शंका, पेसमेकर, फिट्स, डोळ्याचा पडदा सरकलेला किंवा मोतीबिंदूचं ताजं ऑपरेशन, मूतखडा किंवा पित्ताशयातला खडा, नुकतीच सरकलेली चकती, हाडांपर्यंत पोचलेला कॅन्सर, मधुमेहाने पायाची जाणीव गेलेली किंवा तळव्याला जखम. यापैकी काहीही असेल तर विषय इथेच संपला. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जननाच विचारा, जिमच्या मुलाला विचारून चालणार नाही. चक्कर येत असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर आधी त्यावर इलाज.

टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा औषध सुचवतील. आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी असेल, वर्षातून एकदा झोलेड्रोनेटची सलाइन असेल किंवा सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन. प्लेट आणली म्हणून यातलं काहीही आपल्या मनाने बंद करू नका. डेनोसुमॅब तर अचानक सोडलं की हाड झपाट्याने घटतं आणि एकामागून एक मणके दबल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

दुसरी पायरी : प्लेट ओळखणं

प्लेटचे दोन मुख्य प्रकार. एक लंब : अख्खा पाट सरळ वरखाली होतो. दुसरा सीसॉ : मध्ये आस, डावी बाजू वर गेली की उजवी खाली. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त प्लेटा बहुतेक सीसॉ प्रकारच्या. त्यात पाय जितके फाकवाल तितका हेलकावा मोठा, म्हणजे पावलांची जागा हीच जोराची कळ.

खोक्यावर लिहिलेलं असतं ‘९९ स्पीड लेव्हल’. त्याला काही अर्थ नाही. हवे असतात दोन आकडे : सेकंदाला किती कंपनं (हर्ट्झ) आणि पाट वरून खालपर्यंत किती मिलिमीटर हलतो. त्यावरून जोर काढता येतो, तो गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजतात आणि त्याला ‘जी’ म्हणतात.

जी = हर्ट्झ × हर्ट्झ × मिलिमीटर ÷ ५००

३० हर्ट्झ आणि २ मिलिमीटर असेल तर ९०० × २ ÷ ५००, म्हणजे ३.६ जी. हा जोरदार प्रकार. १२ हर्ट्झ आणि ६ मिलिमीटरची सीसॉ प्लेट सुमारे १.७ जी देते. टोरांटोच्या प्रयोगातला मंद जोर होता ०.३ जी, ३० हर्ट्झला त्यासाठी पाट जेमतेम ०.१७ मिलिमीटर हलावा लागतो, डोळ्यांना दिसतही नाही. १ जी ओलांडला की पाऊल क्षणभर पाटापासून सुटतं आणि परत आदळतं. म्हणून १ जीच्या खाली आणि वर हे दोन वेगळेच व्यायाम आहेत, त्यांचं वेळापत्रकही वेगळं.

कंपनी आकडे देत नसेल तर घरी मोजता येतात. बॉलपेनची रिफिल पाटाच्या कडेला आडवी चिकटवा, टोक बाहेर. शेजारी जमिनीवर तांदळाने भरलेला स्टीलचा डबा ठेवा, त्यावर आलेखाचा कागद चिकटवा आणि टोक कागदाला जेमतेम टेकेल इतका डबा सरकवा. कोणीतरी प्लेटवर उभं राहायचं, दहा सेकंद यंत्र चालू. कागदावर उभी रेघ उमटते. तिची लांबी म्हणजे तुमचे मिलिमीटर. सीसॉ प्लेटमध्ये ही लांबी कडेची असते. कड मध्यापासून २५ सेंटिमीटरवर आणि पाऊल १५ वर असेल तर आलेल्या आकड्याला १५ ने गुणून २५ ने भागा. रिकाम्या प्लेटवर मोजू नका, माणूस चढलं की स्वस्त मोटर दमते आणि आकडे बदलतात.

हर्ट्झसाठी मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ, सेकंदाला २४० फ्रेमचा. रिफिलचं टोक खालून निघून परत खाली यायला २० फ्रेम लागल्या तर २४० ÷ २० = १२ हर्ट्झ. मोबाइल प्लेटच्या बाहेर, स्टँडवर किंवा कोणाच्या हातात हवा. पाटावर ठेवून जोरदार कंपन दिलं तर कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी नाजूक जुळणी बिघडू शकते.

जागा

सिमेंटच्या स्लॅबवर, भिंतीपासून हातभर अंतरावर. गुळगुळीत टाइल्सवर प्लेट स्वतःच चालायला लागते, म्हणून खाली १५-२० मिलिमीटर जाडीची रबराची मॅट. त्याने खालच्या मजल्यावरच्यांची झोपही वाचते. सकाळी सहाला प्लेटचा घुमारा त्यांच्या छतातून स्पष्ट जाणवतो. काचेच्या कपाटाला आणि देव्हाऱ्याला लागून ठेवू नका, दिव्यातलं तेल सांडतं. जुन्या चाळीत लाकडी तक्तपोशीची जमीन असेल तर जोरदार प्लेट आणूच नये, अर्धं कंपन जमिनीतच जातं आणि घर हलतं ते वेगळं. पावसाळ्यात ओलसर हवेने खालचे बोल्ट गंजतात आणि सैल होतात. महिन्यातून एकदा पान्याने आवळा, विशेषतः आवाज अचानक खडखडाटी झाला तर.

समोर धरायला काहीतरी पक्कं हवं. प्लेटला दांडा नसेल तर खिडकीची ग्रिल किंवा ओट्याची कड चालते, प्लॅस्टिकची खुर्ची चालत नाही.

तिसरी पायरी : उभं राहणं

लघवीला जाऊन या. पाळीनंतर ओटीपोटाचे स्नायू सैल झालेले असतात आणि कंपनाने थेंब सुटतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. साडी, लांब ओढणी नको. सलवार किंवा ट्रॅक पँट. पाय अनवाणी किंवा पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट. जाड स्पोर्ट शूज कंपन पिऊन टाकतात. मोजे घालून किंवा तळव्यांना तेल लावलेलं असताना चढू नका.

यंत्र बंद असताना चढायचं आणि बंद झाल्यावरच उतरायचं. पावलं खांद्यांएवढ्या अंतरावर; सीसॉ प्लेटवर सुरुवातीला त्याहून जवळ. जोरदार प्लेटवर गुडघे थोडे वाकलेले, स्टुलावर बसायला निघालो आणि मध्येच थांबलो तसे. वजन पावलाच्या पुढच्या भागाकडे, पण टाच उचललेली नाही. दांड्याला हात नुसता टेकवा. दांड्याला लोंबकळलं तर पायांवरचा भार जातो आणि कंपन हातांतून मानेत चढतं.

आता समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचा. अक्षरं थरथरत असतील, दात वाजत असतील, तर कंपन डोक्यापर्यंत पोचतंय. गुडघे आणखी वाका, पावलं जवळ घ्या, तरी थांबलं नाही तर जोर कमी करा. तिथी स्वच्छ वाचता आल्याशिवाय सेकंद मोजायला सुरुवात करू नका. ताठ गुडघ्यांनी ३ जीवर उभं राहणं ही या यंत्रावरची सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात वाईट चूक. ५ ते १० हर्ट्झच्या पट्ट्यात पोट आणि छाती सगळ्यात जास्त डचमळतात, तिथे रेंगाळू नका.

१ जीच्या खालची मंद प्लेट याला अपवाद. तिथे जोर इतका कमी असतो की गुडघे वाकवले तर वर काहीच पोचत नाही. सरळ पण न ताणलेल्या पायांनी, रोज १० ते २० मिनिटं. रेडिओ ऐकत उभं राहता येतं. प्रयोगात जो काही फायदा दिसला तो रोज उभ्या राहणाऱ्यांनाच, हे लक्षात ठेवून मगच या प्रकारात पैसे घाला.

जोरदार प्लेटचे पहिले तीन महिने

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. पहिले दोन आठवडे ३० सेकंदांच्या तीन खेपा, प्रत्येक खेपेनंतर मिनिटभर खाली उतरून विश्रांती. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ४५ सेकंदांच्या चार. पाचव्यापासून हळूहळू एक-एक मिनिटाच्या सहा खेपांवर या. स्पेनमधल्या प्रयोगात साधारण एवढंच होतं, १२.६ हर्ट्झच्या सीसॉ प्लेटवर. एका वेळी एकच गोष्ट वाढवा : वेळ तरी, पावलांमधलं अंतर तरी, किंवा हर्ट्झ. तिसऱ्या महिन्यात नुसतं उभं राहणं कंटाळवाणं होतं, तेव्हा संथ अर्ध्या बैठका आणि टाचा उचलणं सुरू करा. रोज अर्धा तास केल्याने लवकर फळ येत नाही, गुडघे आणि टाचा मात्र लवकर बोलायला लागतात.

पोटऱ्यांना आणि मांड्यांना खाज सुटते, त्वचा लाल होते. रक्तपुरवठा वाढल्याने हे होतं, काही दिवसांत कमी होतं. पण चक्कर, नजर धूसर होणं, पाठीत एका ठिकाणी टोचल्यासारखं दुखणं किंवा एकाच पोटरीला सूज आली तर यंत्र बंद आणि डॉक्टरांकडे. शेवटची दोन लक्षणं उद्यावर टाकू नका.

सोबत जे हवंच

आठवड्यातून दोन दिवस वजनं. सुरुवात खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणं, जिन्याची एक पायरी चढ-उतार, एक-एक किलोचे डंबेल खांद्यावरून वर. मग फिजिओच्या नजरेखाली वजन वाढवत न्या. ‘हलकं वजन, पुष्कळ वेळा’ याने हाडाला जाग येत नाही. ज्यांचे मणके विरळ आहेत त्यांनी पाठ गोल करून पुढे वाकणं टाळावं, म्हणजे पश्चिमोत्तानासन आणि हलासन बंद, आणि सकाळी नळ आल्यावर बादली उचलतानाही गुडघ्यात वाकून, बादली अंगाजवळ. भरलेला गॅस सिलिंडर जवळपास ३० किलोचा असतो. तो सरकवायला घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी हाक मारा.

पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशी सांगतात. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५०, पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास. मांदेली काट्यासकट खाल्ली जाते म्हणून मोजा. पापलेटाचे काटे ताटाबाहेर जातात, त्याचा इथे उपयोग नाही. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. साठ हजार युनिटची पुडी शेजारणीने सांगितली म्हणून दर आठवड्याला वर्षानुवर्षं चालू ठेवू नका, जास्तीचं ड शरीराबाहेर सहज पडत नाही आणि रक्तात कॅल्शियम चढतं.

आणि पडणं टाळा. जूनमध्ये रेल्वेच्या पुलाच्या ओल्या पायऱ्या, मंडईतली चिखलाची फरशी, गुळगुळीत झालेल्या चपला. चपलेचा तळ बोटाने सपाट लागला की ती बदलायची वेळ झाली.

वर्षानंतर

दुसरी डेक्सा एक ते दोन वर्षांनी, त्याच सेंटरमध्ये आणि त्याच मशीनवर. मशीन बदललं की दोन रिपोर्टांची तुलनाच होत नाही. टी-स्कोअर बाजूला ठेवून ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरचा आकडा बघा. मणक्याचा ०.८४२ चा ०.८५० झाला तर वाढ एक टक्क्याची, आणि एवढा फरक तर त्याच बाईला टेबलावरून उठवून परत झोपवलं तरी पडतो. मणक्याला साधारण ३ टक्के आणि खुब्याच्या मानेला ४-५ टक्के बदल दिसला तरच तो खरा धरतात. तेव्हा पेढेही नकोत आणि यंत्र विकायची घाईही नको. त्याच दिवशी घड्याळ लावून खुर्चीवरून पाच वेळा, हात छातीशी घेऊन, उठून बसा आणि लागलेले सेकंद रिपोर्टाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. सुरुवातीलाही लिहिले असतील तर प्लेटने तुम्हाला काय दिलं ते डेक्साच्या आधी तिथे दिसेल.